काशीचे खाणे आणि काशीचे सोडणे

काशीस गेलेल्या मनुष्याने परतताना काहीतरी सोडून यावे, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. कोणी ते गयेस अक्षयवटाखाली सोडतात, कोणी काशीसच सोडतात. आमच्या घराण्यात पंचगंगा घाटाच्या पाण्यात उभे राहून सोडण्याचा प्रघात आहे. जे सोडावयाचे ते आवडीचे असावे, एवढीच अट. याला आधार कोणत्या ग्रंथाचा, असे शास्त्रीबुवांनी आम्हांस विचारू नये; आमच्याकडे ही गोष्ट पोथीतून आली नसून माजघरातून आलेली आहे.

१९७१ साली आमच्या आजीने काशीयात्रा केली, तेव्हा अकरा वर्षांचे आम्ही तिच्याबरोबर होतो. तिने आंबा सोडला. त्यानंतर ती एकोणीस उन्हाळे जगली. आमचे घर वाईचे, माणसे वीस-बावीस, आणि आंब्याची आढी लावण्याचे व उतरण्याचे काम आजीवाचून कोणास जमत नसे. पेंढ्यातून एकेक फळ उचलून ती नाकाशी नेई, पिकलेले एकीकडे, कच्चे एकीकडे ठेवी, आणि मग साऱ्या घरासाठी रस काढून हात धुऊन टाकी. बोटाला लागलेला रस कधी जिभेला लागला नाही. मुलांना यात काही विशेष वाटत नसे. आम्हांसही वाटले नाही.

मार्गशीर्ष शके १९४६ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये, आम्ही उभयता काशीस गेलो. प्रयागचा महाकुंभ १३ जानेवारी २०२५ रोजी सुरू व्हावयाचा होता. त्याची गर्दी लोटण्यापूर्वी जाऊन यावे, असा चिरंजीवांचा आग्रह पडला. दहा दिवसांचा मुक्काम ब्रह्माघाटाजवळ एका महाराष्ट्रीय गृहस्थांच्या वाड्यात होता. गाडीत बसल्यापासूनच आमच्या मनात सोडण्याचा विचार घोळत होता. आम्ही कुटुंबास म्हटले, "यंदा कारले सोडावे म्हणतो." ती म्हणाली, "अहो, चाळीस वर्षांत तुम्ही कारल्याची फोड तोंडात घातलेली मी पाहिली नाही. विश्वनाथाला काय ठाऊक नाही होय?" मग आम्ही जिलबीचे नाव काढले. त्यावर उत्तर आले, "ती तर डॉक्टरांनी सोडवली आहे. तेच पुण्य दोनदा कसे मोजायचे?" हा तर्क आम्हांस खोडता आला नाही. तेव्हा असे ठरले की, आधी काशीत काय काय मिळते ते नीट खाऊन पाहावे आणि मग निर्णय करावा. खर्डेघाशीची जुनी सवय असल्यामुळे आम्ही एक वही बरोबर घेतली होती. पुढील मजकूर बहुतांशी तीतलाच आहे.

वाईस दक्षिण काशी म्हणतात, आणि कृष्णेच्या घाटांवर लहानाचे मोठे झालेल्या आम्हांस घाटांचे कौतुक नवे नाही. परंतु काशीचा घाट ही चीज निराळी. गंगा येथे उत्तरवाहिनी आहे. सारे घाट पश्चिम तीरावर असून त्यांचे तोंड पूर्वेस. त्यामुळे सूर्य उगवला की साऱ्या पायऱ्या एकदम उजळतात. ब्रह्माघाटावरून प्रवाहाच्या उलट, म्हणजे दक्षिणेकडे चालू लागले की मराठी माणसास नावे ओळखीची वाटू लागतात. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या बांधणीशी पेशव्यांचे गुरु नारायण दीक्षित यांचे नाव जोडलेले आहे. पंचगंगेवर बिंदुमाधव. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, मग शिंदे घाट, तेथे कललेले ते रत्नेश्वराचे देऊळ पाहून कुटुंबाने "हे पडत कसे नाही?" असा प्रश्न केला आणि आम्हांस उत्तर देता आले नाही. नंतर मणिकर्णिका. तेथे आम्ही थांबलो नाही. चिता दोन-तीन पेटलेल्या होत्या, आणि ज्यांचे कोणी गेले आहे त्यांच्याकडे प्रवाशाने टक लावून पाहणे बरे नव्हे. मानमंदिर घाटावर वरच्या गच्चीत सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे. दिल्ली, जयपूर, उज्जयिनी आणि मथुरा येथे ज्या वेधशाळा त्याने उभारल्या, त्यांच्याच पंक्तीतली ही. दगडी यंत्राच्या सावलीवरून आम्ही घटका मोजीत बसलो, तो कुटुंबाने आठवण केली की कचोरी दहाच्या आत संपते.

ती आठवण योग्यच होती. काशीतील खाण्यास वेळ आहे आणि ऋतू आहे. तो चुकला की पैसे देऊनही मिळत नाही. आपल्याकडची कचोरी म्हणजे खुसखुशीत, आत मसालेदार सारण असलेली, चार दिवस डब्यात टिकणारी. काशीची मोठी कचोरी तशी नव्हे. ती उडदाच्या डाळीचे वाटण घालून तळलेली फुगीर पुरीच होय. छोटी असते तीत बटाट्याचे सारण घालतात. पानाच्या द्रोणात बटाटा आणि काळे हरभरे यांची पातळ, हिंगाचा वास दरवळणारी भाजी मिळते. ती उभ्याने खावयाची आणि त्यावर लगेच गरम जिलबी. तिखटावर गोड का, असे आम्ही दुकानदारास विचारले. तो म्हणाला, "गुरू, सकाळ पुरी व्हायला नको का?" आमच्या डॉक्टरांस स्मरून आम्ही जिलबीचे एकच वेटोळे घेतले. कचोरीगल्ली नावाची गल्लीच येथे आहे. पण ज्या दुकानापुढे रिकामे द्रोण टाकावयाची टोपली लवकर भरते तेच दुकान चांगले, असा आमचा अनुभव. कोणत्याही नावाच्या पाटीपेक्षा ही खूण खरी.

याहून विलक्षण वस्तू म्हणजे 'मलइयो'. हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तेव्हा मलईचे बोबडे रूप असावे असे वाटले. दूध आटवून रात्रभर उघड्यावर थंडीत ठेवतात आणि पहाटे घुसळतात. घुसळताना जो फेस वर येतो तो काढून, त्यात केशर, वेलदोडा आणि साखर घालून, वर पिस्त्याचे काप पेरून मातीच्या कुल्हडात देतात. जिभेवर ठेवावे तो काही राहातच नाही. केशराचा वास तेवढा मागे उरतो. फेस संपला की दुकानदार त्याच कुल्हडात थोडे केशरी दूध ओतून देतो. तेथील लोक म्हणतात, हे सारे दवाचे काम आहे. आमच्या अल्प मतीस वाटते ते असे की, थंडीने दुधातील स्निग्धांश घट्ट होतो आणि म्हणून फेस तग धरतो. ऊन चढू लागले की तो बसतो. एरवी हा पदार्थ केवळ हिवाळ्यात आणि तोही सकाळीच का मिळावा? लखनौस यालाच निमिष म्हणतात, दिल्लीस दौलत की चाट. नावे बदलतात, थंडी तीच. कुटुंब म्हणाले, "अहो, हे खाल्ले म्हणायचे की प्यायले?" वहीत आम्ही 'खाल्ले' असे लिहिले.

मलइयोसाठी चौखंबा मोहल्ल्याची कीर्ती मोठी. परंतु आमच्यासारख्यास चौखंबा हे नाव फेसावरून ठाऊक झालेले नाही. १८९२ साली येथे निघालेल्या संस्कृत ग्रंथमालेची पुस्तके हाताळीतच आम्ही शिकलो आणि शिकविले. पाठशाळेत असताना गुरुजींनी काशीहून व्ही. पी. ने लघुसिद्धान्तकौमुदी मागविली, तीवरचे 'चौखम्बा, वाराणसी' ही अक्षरे आम्ही पन्नास वर्षे वाचीत आलो होतो. आणि आता त्याच गोपालमंदिराच्या गल्लीत हातात कुल्हड घेऊन उभे! पाठीमागून एक सांड येऊन आम्हांस भिंतीशी दाबून निघून गेला, तरी आम्हांस त्याचा राग आला नाही.

पुस्तकांच्या दुकानाकडे वळत असताना एक लहानशी गोष्ट घडली. एका हलवायाच्या ओट्यावर मोठ्या कढईत लोणी कढत होते. कुटुंब तेथे जे उभे राहिले ते हलेना. आम्ही दोन वेळा हाक मारली. ती कढईकडे पाहात आपल्याशीच म्हणाली, "आता उतरवायला हवे; नाहीतर जळेल." आणि खरोखरच हलवायाने त्याच क्षणी चिमटे लावून कढई खाली घेतली, आणि मराठी न कळताही तिच्याकडे पाहून मान डोलाविली. आम्हांस घाई होती. दुकान बंद होईल, असे सांगून आम्ही तिला तेथून हलविले. त्या दिवशी आम्ही ग्रंथ विकत घेतले ते सात. बोजा कोणी उचलला हे येथे सांगत नाही.

वाड्याच्या मालकीणबाईंनी एके सकाळी चूडा-मटर केले. या मंडळींच्या पाच-सहा पिढ्या काशीत गेल्या. त्यांच्या मराठीत "आम्ही बाजारातून सब्जी आणवली" अशी वाक्ये येतात, पण देवघरातली आरती शुद्ध आपली. चूडा म्हणजे पोहे. कोवळे मटार जिरे, आले आणि हिरवी मिरची घालून तुपात परततात आणि साय-दुधाने ओलसर केलेले पोहे त्यांत मिसळतात. हळद नाही, मोहरी नाही. वर डाळिंबाचे दाणे. आमच्या कुटुंबाचे पोहे चार गावांत नावाजलेले, तेव्हा आता काही टीका ऐकावयास मिळेल, असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु ती दुसऱ्यांदा मागून खाऊन गप्प बसली आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन तासभर बाहेर आली नाही. आत उभयता बायका कशाबद्दल बोलल्या ते आम्हांस कळले नाही. आत एकदा मोठ्याने हसू फुटले एवढे ऐकू आले.

संध्याकाळच्या खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. गोदौलियाच्या चौकाकडे टमाटर चाट मिळते: शिजवून घोटलेले टोमॅटो व बटाटे, वर तूप, जिऱ्याचा गोडसर पाक आणि कुरकुरीत शेव. गर्दी फार, बसावयास जागा नाही, आणि आमच्या वयाच्या माणसाने एका कुल्हडाहून अधिक घेऊ नये. तेथूनच थंडाईची दुकाने लागतात. बदाम, बडीशेप, मगजबी, खसखस, मिरी आणि गुलाबपाकळ्या वाटून दुधात कालविलेले हे पेय उत्तम. परंतु मागताना 'साधी' हा शब्द स्पष्ट उच्चारावा. आमच्या वाड्यात उतरलेल्या एका निवृत्त लेखापालांनी तो उच्चारला नाही. भांगेच्या प्रभावाखाली त्यांनी रात्री दोनपर्यंत जिना मोजला आणि प्रत्येक वेळी पायऱ्यांची संख्या निराळी आली.

लस्सीसाठी आम्ही विद्यापीठाच्या बाजूस, लंकेवर गेलो. रामलीलेवरून पडलेले हे नाव. त्यात भय मानण्यासारखे काही नाही. तेथील पैलवानाच्या दुकानात कुल्हडभर घट्ट लस्सी, तीवर रबडीचा थर, असा थाट होता. पलीकडेच चाचीची कचोरी. या दुकानांविषयी आम्ही वहीत दोन पाने लिहिली आहेत, पण ती येथे उतरून काढण्यात आता अर्थ नाही. जून २०२५ मध्ये रस्ता रुंद करताना ती दोन्ही दुकाने पाडली गेली. वर्तमानपत्रात ते वाचून आम्ही वही उघडली आणि पुन्हा मिटली.

असाच अनुभव विश्वनाथाच्या दारी आला. १७८० साली अहिल्याबाईंनी बांधविलेल्या देवळाकडे जाताना १९७१ मध्ये एवढी अरुंद गल्ली होती की, आजीचा हात सुटू नये म्हणून आम्ही तिच्या लुगड्याचा पदर मुठीत धरला होता. आज देवळाभोवतीची शेकडो घरे काढून सुमारे पाच लाख चौरस फुटांचा प्रशस्त परिसर केलेला आहे. १३ डिसेंबर २०२१ रोजी तो खुला झाला. घाटावरून थेट देवळात जाता येते. आमचे मत विचाराल तर, गुडघे दुखणाऱ्या माणसाने या सोयीस नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. कुटुंबाने तर दोन वेळा दर्शन घेतले. परंतु आजीने जेथे आमच्यासाठी लाकडी भोवरा घेतला तो कोपरा आम्ही दोन दिवस शोधीत होतो. फरशीवर उभे राहून, येथेच असावा, असे एका ठिकाणी आम्ही ठरविले.

पानाबद्दल मात्र चार ओळी अधिक लिहिणे प्राप्त आहे. बनारसी पान म्हणतात खरे, पण उत्तम मगही पान येते ते बिहारातून, मगध प्रांतातून. काशीचे कर्तृत्व आहे ते पान पिकविण्यात आणि लावण्यात. हिरवे पान ऊब देऊन, उलटून-पालटून पांढुरके करतात. कात भिजवून, गाळून, लोण्यासारखा मऊ करतात. २०२३ साली बनारसी पानास भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील जाणता मनुष्य पान चावीत नाही, तो ते 'घुलवतो', म्हणजे तोंडात विरघळू देतो. या अवधीत त्याच्याशी बोलू नये. तो हनुवटी वर करून हुंकार देईल आणि तेच उत्तर समजावे. तंबाखूवाचून लावलेले एक पान आम्ही रोज रात्री घाटाच्या पायरीवर बसून खात असू. कुटुंबही खाई. पलीकडच्या तीरावर काळोख, पाण्यावर एखादा द्रोणातला दिवा. बोलावयाचे नाही, कारण तोंडात पान. दहा दिवसांत आम्हांस सर्वांत प्रिय झालेली जागा हीच, असे वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही लिहिले आहे.

निघण्याच्या दिवशी पहाटे पंचगंगेवर गेलो. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा येथे संगम मानतात. धुके असे की अहिल्याबाईंच्या नावाने सांगितली जाणारी ती दगडी दीपमाळही दिसेना. पाण्यात गुडघाभर उभे राहून आम्ही मोठ्याने म्हटले, "आजपासून श्रीखंड सोडले." श्रीखंड आम्हांस किती प्रिय आहे हे आमच्या घरी दूधवाल्यासही ठाऊक आहे, म्हणून आवाजात थोडा अभिमान आला असेल. कुटुंबाने ओंजळीत पाणी घेतले, ओठ हलविले, पाणी सोडले. आम्ही विचारले, "तू काय सोडलेस?" ती म्हणाली, "सांगून टाकले तर सोडले काय?" आणि पायऱ्या चढू लागली.

घरी आल्यावर आम्ही या कोड्याच्या मागे लागलो. ३० मार्च २०२५ रोजी पाडवा होता. श्रीखंड सर्वांच्या पानावर पडले, आमच्या पानावर सूनबाईने साखरभात वाढला. बायकांची पंगत मागून बसते. त्या दिवशी आम्ही काही निमित्ताने दारात घुटमळलो. कुटुंबाने श्रीखंड खाल्ले. पुढे आंबा आला, तोही खाल्ला. फणस, पुरणपोळी, अळूची भाजी, कुरडया, सारे झाले. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, माझ्या पानाकडे काय सारखे पाहता? तुमच्या सदऱ्यावर आमटी सांडली." शेवटी आम्ही सूनबाईस बाजूला घेऊन विचारले की, तुझ्या सासूबाईंस विशेष असे काय आवडते? ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "मामंजी, तुपाची बेरी. साखर घालून." आम्ही विचारले, "मग ती पानावर कधी कशी येत नाही?" तिला हसू आले. "बेरी पानावर कोण वाढतो? ती चुलीपाशीच संपते."

आषाढात एका दुपारी लोणी कढविल्याचा वास घरभर पसरला. आम्ही ओसरीवर कौमुदी उघडून बसलो होतो. थोड्या वेळाने नातू वाटी घेऊन बाहेर आला. वाटीत तपकिरी बेरी, वर साखर. आम्ही म्हटले, "आज एवढी?" तो म्हणाला, "हल्ली आजी सगळी मलाच देते. पूर्वी अर्धी ठेवायची." मग आमच्या तोंडाकडे पाहून त्याने वाटी पुढे केली. "आजोबा, तुम्ही खाल्ली आहे कधी?"

आम्ही चिमूटभर घेतली.